उभ्या गाडीतील विजेची गळती : एका निदानपद्धतीचा इतिहास

मोटारगाडी बंद करून उभी केल्यानंतरही तिच्या बॅटरीतून थोडाथोडा प्रवाह वाहत राहावा आणि काही दिवसांत, क्वचित एका रात्रीत, बॅटरी उतरून जावी, हा दोष मोटारीतील विद्युत यंत्रणेइतकाच जुना आहे. गाडी बंद असताना होणाऱ्या या खर्चाला तंत्रज्ञ परोपजीवी प्रवाह म्हणतात, तर गॅरेजच्या बोलीत त्याला सरळ ‘लीकेज’ म्हटले जाते. दोष किरकोळ वाटला तरी त्याचा शोध हे वाहनदुरुस्तीतील अत्यंत चिकाटीचे काम मानले जाते, कारण येथे तुटलेला भाग डोळ्यांना दिसत नाही, आवाज येत नाही, वासही येत नाही, आणि तपासणाऱ्याने गाडीला हात लावताच दोष पुष्कळदा आपले रूप बदलतो. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या गळतीची मुख्य जागा बॅटरीच्या आतून डायनामोकडे, डायनामोकडून अल्टरनेटरकडे आणि तेथून गाडीतील छोट्या संगणकांकडे सरकत गेली. तिला पकडणारी साधनेही कधी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून, तर कधी टपाल खात्यातून गॅरेजात आली. साधने बदलली, मात्र आधी मोजावे, मग एकेक शाखा वेगळी करावी आणि भाग बदलायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी बदलावा, हा निदानाचा क्रम टिकून राहिला. या व्यवसायाचे खरे ज्ञान त्या क्रमातच साठलेले आहे.

हँडल गेले, बॅटरी आली

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील पुष्कळशा मोटारींना बॅटरीची गरजच नव्हती. इंजिन हाताने हँडल मारून सुरू होई, दिवे अ‍ॅसिटिलीन वायूवर जळत आणि ठिणगीसाठी मॅग्नेटो असे. मॅग्नेटो म्हणजे कायम चुंबकाच्या साहाय्याने इंजिनाच्या गतीतूनच वीज उत्पन्न करणारे यंत्र. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये त्याचे उच्च दाबाचे रूप सिद्ध केले आणि ते लवकरच सर्वत्र रूढ झाले. इंजिन थांबले की मॅग्नेटोही थांबे, त्यामुळे उभ्या गाडीत वीज साठलेली नसे आणि गळण्यासारखेही काही नसे.

वीज साठवणारी शिसे-आम्ल बॅटरी मात्र तोवर अर्धशतक जुनी झाली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे एकमेकांना टेकू न देता गुंडाळून विरल गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युत घट तयार केला. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची रीत काढल्यावर ही बॅटरी कारखान्यात मोठ्या संख्येने करता येऊ लागली. मोटारीत तिचे स्थान पक्के केले ते चार्ल्स केटरिंग यांनी. रोकड मोजणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत काम करताना लहान मोटर क्षणभर तिच्या क्षमतेपलीकडे राबवता येते, हे त्यांनी पाहिले होते. त्याच विचारातून त्यांनी डेल्को या आपल्या संस्थेत विजेवर चालणारा स्टार्टर घडवला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला. त्या व्यवस्थेत एकच यंत्र आधी २४ व्होल्टवर इंजिन फिरवी आणि इंजिन सुरू झाल्यावर ६ व्होल्टवर बॅटरी भरी.

मराठी वाहनचालक ज्याला आजही ‘सेल्फ मारणे’ म्हणतात, त्या सोयीचा हा आरंभ होता. तिची किंमतही त्याच दिवसापासून मोजावी लागली. सेल्फ फिरवण्यासाठी शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह काही क्षण पुरवण्यास सज्ज असलेला साठा आता रात्रंदिवस गाडीच्या वायरिंगला जोडलेला राहू लागला, आणि त्या वायरिंगमधील प्रत्येक फट हा त्या साठ्याचा संभाव्य मार्ग झाला.

बॅटरीच्या आतली गळती

पहिल्या पिढीतील तंत्रज्ञांनी गळतीचा शोध बॅटरीच्या आतच घ्यावा, हे स्वाभाविक होते. ग्लॅडस्टन आणि ट्राइब या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ मध्ये या बॅटरीची रासायनिक मीमांसा मांडली. तिच्यानुसार बॅटरी उतरताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि गंधकाम्ल खर्ची पडून द्रव पातळ होत जातो. हायड्रोमीटर या साध्या काचेच्या साधनाने द्रवाचे सापेक्ष घनत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत तो किती जड आहे, हे मोजता येते. म्हणून हायड्रोमीटर हेच बॅटरी-तपासणीचे पहिले शास्त्रीय साधन ठरले आणि ‘ग्रॅव्हिटी बघणे’ हा शब्दप्रयोग भारतातील बॅटरीच्या दुकानांतही रुळला. सहा कप्प्यांपैकी पाचांचा आकडा १.२५ च्या आसपास आणि एकाचा १.१५ असा आला, की दोष गाडीत नसून त्या एका कप्प्यात आहे, हे तेथल्या तेथे सिद्ध होई.

बॅटरी कशालाही न जोडता ठेवली तरी आपोआप उतरते, यामागचे कारण धातूंच्या मिश्रणात होते. शुद्ध शिसे मऊ असल्याने पट्ट्यांच्या जाळ्यांत अँटिमनी हा धातू मिसळून त्यांना ताठरपणा दिला जाई. परंतु तो अँटिमनी हळूहळू द्रवात उतरून ऋण पट्ट्यांवर बसे, तेथे सूक्ष्म स्थानिक घट निर्माण होत आणि बॅटरी स्वतःला खात राही. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, त्यामुळे उष्ण प्रदेशात जुनी बॅटरी दिवसाला क्षमतेचा सुमारे एक टक्का केवळ पडून राहूनही गमावू शके. त्याशिवाय जुन्या बॅटऱ्यांच्या झाकणावर आम्लाचा ओलसर थर आणि धूळ साचून दोन टर्मिनलांमध्ये वाट तयार होई. व्होल्टमीटरची एक तार टर्मिनलला आणि दुसरी झाकणाच्या ओल्या पृष्ठभागाला लावल्यास काटा हललेला दिसे, आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने झाकण धुऊन कोरडे केल्यावर तो शून्यावर येई. अँटिमनीच्या जागी कॅल्शियम वापरणाऱ्या, पाणी न घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या १९७० च्या दशकात पुढे आल्यावर ही अंतर्गत गळती बरीच घटली, आणि संशयाची सुई गाडीच्या इतर भागांकडे अधिक वळली.

कट-आउट आणि टेस्ट लॅम्प

गाडी चालत असताना बॅटरी भरण्याचे काम अनेक दशके डायनामोने केले. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा अधिक असेल तोवर प्रवाह बॅटरीकडे जातो. इंजिन मंदावले किंवा थांबले की दाब घटतो आणि प्रवाह उलट फिरून बॅटरीतून डायनामोत शिरू लागतो. हे टाळण्यासाठी दोहोंच्या मध्ये कट-आउट नावाचा चुंबकीय स्विच असे. त्याच्या लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असत: बारीक तारेचे वेटोळे डायनामोचा दाब पुरेसा झाल्यावर पॉइंट जोडी, आणि जाड तारेचे वेटोळे प्रवाह उलटताच चुंबकत्व क्षीण करी, म्हणजे स्प्रिंग पॉइंट सोडवून घेई. हे पॉइंट ठिणग्यांनी जळून एकमेकांना चिकटले, की उभ्या गाडीची बॅटरी डायनामोला मोटरीसारखे फिरवू पाही. पट्ट्याने जखडलेला डायनामो फिरत नसे, तो केवळ गरम होई. बंद गाडीचा डायनामो हाताला कोमट लागणे, ही त्या काळच्या वायरमनची निर्णायक खूण होती.

डॅशबोर्डवरील तांबडा इग्निशन दिवाही याच व्यवस्थेचा भाग होता. किल्लीच्या स्विचपासून डायनामोपर्यंतच्या तारेत तो बसवलेला असल्याने चार्जिंग होत नसेल तेव्हा तो पेटे, आणि इंजिन थांबवूनही किल्ली ‘ऑन’ राहिली असेल तर तेही चालकाच्या लक्षात आणून देई. किल्ली अशी राहिली आणि वितरकातील पॉइंट योगायोगाने जुळलेले असले, तर इग्निशन कॉइल काही अँपिअर प्रवाह ओढत राही आणि काही तासांत बॅटरी बसे.

याच काळात गळती शोधण्याची जी रीत घडली, ती तत्त्वतः आजही तीच आहे. बॅटरीच्या एका टर्मिनलवरून तार काढायची आणि टर्मिनल व तार यांच्या मध्ये छोटा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, जोडायचा. सर्व दिवे व स्विच बंद असूनही बल्ब उजळला, तर कोठेतरी प्रवाह वाहतो आहे. मग एकेक फ्यूज काढत जायचा आणि ज्या फ्यूजला बल्ब विझेल ती शाखा दोषी धरायची. जुन्या गाड्यांत मोजकेच फ्यूज असत आणि काही शाखांना फ्यूजच नसे, म्हणून पुढे त्या शाखेतील जोडण्या एकेक करून सोडवाव्या लागत. डिकीचा दिवा, डॅशबोर्डच्या कप्प्यातील दिवा, चिकटलेला ब्रेक स्विच, घासून उघडी पडलेली आणि पत्र्याला टेकणारी तार, हे नेहमी सापडणारे दोषी असत. पाच वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो. चोवीस तासांत तो जवळजवळ दहा अँपिअर-तास खर्च करतो, म्हणजे चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्मी रिकामी होते. टेस्ट लॅम्पची मर्यादा अशी, की बल्बाची तार उजळण्याइतका प्रवाह नसेल तर तो काहीच सांगत नाही.

मोजणारी उपकरणे

दिसते-दिसत नाही या पलीकडे जाऊन प्रवाह किती आहे हे सांगणारी साधने मोटारीपूर्वीच अस्तित्वात आली होती. एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ मध्ये अमेरिकेतील नेवार्क येथे विद्युतमापकांचा कारखाना काढून हाताळण्याजोगे, भरवशाचे व्होल्टमीटर तयार केले. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डॉनल्ड मॅकॅडी यांना दुरुस्तीसाठी अनेक वेगवेगळी उपकरणे वागवावी लागत. त्या त्रासातून त्यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही परिमाणे एकाच पेटीत मोजणारे यंत्र योजले. ते १९२३ मध्ये बाजारात आले आणि त्या तीन एककांच्या आद्याक्षरांवरून ‘अ‍ॅव्हो’ मीटर म्हणून ओळखले गेले. दूरध्वनीच्या तारांसाठी घडलेले हे साधन पुढे मोटारदुरुस्तीतही स्थिरावले. महाराष्ट्रात नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मल्टिमीटर तंत्रशिक्षणाच्या प्रयोगशाळांत आणि दुरुस्तीच्या कामात परिचित झाले.

मल्टिमीटरने निदानात एक गुणात्मक बदल केला. टेस्ट लॅम्प केवळ होय किंवा नाही असे उत्तर देई. मीटरने ‘किती’ हा प्रश्न विचारता येऊ लागला, आणि त्यामुळे साहजिक खर्च व दोषजन्य खर्च यांत फरक करणे शक्य झाले. घड्याळ, रेडिओची स्मृती, चोरीविरोधी यंत्रणा यांना गाडी बंद असतानाही थोडी वीज लागतेच. आजच्या गाड्यांत सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा, म्हणजे एका अँपिअरच्या विसाव्या भागापर्यंतचा, खर्च सामान्यतः ग्राह्य धरला जातो. तो दिवसाला १.२ अँपिअर-तास होतो आणि चांगली बॅटरी काही आठवडे तो सोसू शकते. दहापट, म्हणजे अर्धा अँपिअर, प्रवाह वाहत असेल तर तीच बॅटरी दोन-तीन दिवसांत हतबल होते. त्यामुळे ‘गाडी किती दिवस उभी राहिली की बंद पडते’ हा ग्राहकाला विचारलेला साधा प्रश्नही एक मोजमापच ठरतो.

अल्टरनेटरचा काळ

१९६० मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलिअंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि डायनामोचा अस्त सुरू झाला. अल्टरनेटर प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत बदलणारा, प्रवाह निर्माण करतो आणि त्याच्या आतील सिलिकॉनचे डायोड तो एकदिश करतात. डायोड हा प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा घटक असल्याने उलट प्रवाह तोच अडवतो, आणि कट-आउटची गरजच संपली. कट-आउटबरोबर चिकटणारे पॉइंट गेले; त्यांच्या जागी गळका डायोड आला. उष्णतेने डायोड निकामी झाला, की बॅटरीतून प्रवाह अल्टरनेटरात शिरू लागतो आणि त्याच वेळी चार्जिंगही अपुरे होते, त्यामुळे एकाच दोषाची दोन लक्षणे एकमेकांत मिसळतात. ही गळती पुष्कळ गाड्यांत फ्यूजपेटीतील कोणत्याही फ्यूजखाली सापडत नाही, कारण अल्टरनेटरची जाड तार बॅटरीकडे स्वतंत्रपणे जाते. सर्व फ्यूज काढूनही मीटरचा आकडा उतरत नाही, तेव्हा ती तार सोडवून पाहणे हा नियम याच काळातील अनुभवातून तयार झाला.

याच टप्प्यावर निदानाची त्रिविध मांडणी पक्की झाली. बॅटरी भार धरत नाही, चार्जिंग बॅटरी भरत नाही, किंवा भरलेली वीज उभ्या गाडीत गळते, या तीन शक्यता एकसारख्याच सकाळी सेल्फ न घेणाऱ्या गाडीच्या रूपाने समोर येतात. पूर्ण भरलेली बॅटरी विसावलेल्या स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास, अर्धी भरलेली १२.२ च्या आसपास दाब दाखवते, आणि इंजिन चालू असताना चार्जिंगचा दाब साधारण १४ व्होल्ट असावा लागतो. हे आकडे आधी पाहिल्याखेरीज गळतीच्या शोधाला लागणे म्हणजे चुकीच्या घराची झडती घेणे होय.

महाराष्ट्रातील वायरमन

भारतात या विद्येचा प्रसार मोटारउद्योगाच्या पावलांनी झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून फिएट गाड्या बाहेर पडल्या, आणि त्याच परंपरेतील प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीचे दुसरे नाव बनली. पुण्याजवळ चिंचवड येथे १९६९ मध्ये क्लोराइड समूहाचा, म्हणजे पुढे एक्साइड इंडस्ट्रीज या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा, बॅटरी कारखाना सुरू झाला. गाड्यांच्या यांत्रिक दुरुस्तीपासून वीजदुरुस्ती वेगळी पडली आणि ‘वायरमन’ हा स्वतंत्र कारागीर उभा राहिला. सेल्फ व डायनामो यांचे आर्मेचर भरणे, कट-आउटचे पॉइंट घासणे, बॅटरी चार्जिंगला लावणे ही त्याची नित्याची कामे होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेल्यांबरोबरच उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून शिकलेल्यांचे प्रमाण या व्यवसायात मोठे राहिले, आणि त्यांची रीत कागदापेक्षा हातांनीच पुढे पोहोचली.

१९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर खासगी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली आणि गाडीला बाहेरून साज चढवण्याचा बाजारही वाढला. म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, रिव्हर्स हॉर्न, शोभेचे दिवे आणि पुढे जीपीएस ट्रॅकर हे सारे कारखान्याबाहेर बसवले जाऊ लागले. यातून भारतीय रस्त्यांवर फार आढळणारा एक गळतीप्रकार जन्मला. किल्ली बंद केल्यावर पुरवठा थांबेल अशा तारेला जोडण्याऐवजी ही साधने घाईत बॅटरीशी कायम जोडलेल्या तारेला जोडली गेली, की ती उभ्या गाडीतही वीज घेत राहत. डॅशबोर्डखाली मूळ तारेचे आवरण सोलून तिच्याभोवती दुसरी तार पिळलेली आणि वर काळी टेप गुंडाळलेली दिसली, की जाणता वायरमन पहिला संशय तेथेच घेतो. त्यात पावसाळ्यातला ओलावा शिरला, तर सांध्यावर हिरवट गंज चढून दोष आणखी गुंतागुंतीचा होतो. कारखान्याच्या वायरिंग नकाशात ही तार नसते, म्हणून अशा वेळी नकाशापेक्षा स्थानिक सवयींची ओळख अधिक उपयोगी पडते.

जागे राहणारे संगणक

रॉबर्ट बॉश कंपनीने १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या अधिवेशनात कॅन ही संदेशवहनाची पद्धत मांडली. गाडीतील नियंत्रक, म्हणजे इंजिन, दरवाजे, दिवे इत्यादींचे काम पाहणारे छोटे संगणक, दोन तारांच्या सामायिक मार्गावर एकमेकांशी बोलू शकतील, अशी तिची रचना होती. भारतात २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडून संगणकनियंत्रित इंधनपुरवठा रूढ झाला, आणि पुढील वर्षांत सामान्य गाड्यांतही अशा नियंत्रकांची संख्या वाढत गेली. गाडी कुलूपबंद केल्यावर हे नियंत्रक लगेच बंद होत नाहीत. ते काही मिनिटांनी, काही गाड्यांत तास-अर्ध्या तासाने, टप्प्याटप्प्याने अल्पखर्ची अवस्थेत जातात, आणि या अवस्थेला तंत्रज्ञ नियंत्रकाचे झोपणे म्हणतात. एखादा नियंत्रक सदोष असेल तर तो संदेश पाठवत राहतो आणि इतरांनाही जागे ठेवतो, त्यामुळे गळती ज्या शाखेत दिसते तेथे मूळ दोष असेलच असे नाही.

या बदलाने जुनी रीत अडचणीत आली. बॅटरीची तार काढली, की सर्व नियंत्रकांचा पुरवठा तुटतो आणि पुन्हा जोडताच ते नव्याने जागे होतात. फ्यूज काढून परत बसवला तरी तेच घडते, आणि मधूनमधून उद्भवणारा दोष त्या धक्क्याने तात्पुरता नाहीसाही होतो. म्हणून तपासणीपूर्वी बॉनेट उघडून त्याचे व दाराचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बसवून गाडीला सर्व काही बंद असल्याचे भासवायचे, किल्ली दूर ठेवायची आणि नियंत्रक झोपेपर्यंत थांबायचे, अशी नवी शिस्त तयार झाली. मीटर मालिकेत जोडलेला असताना कोणी चुकून सेल्फ मारला, तर मीटरमधील दहा अँपिअरचा फ्यूज तत्क्षणी जळतो. तेव्हा तार न सोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्प मीटर सोयीचा ठरला. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला, चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकाच्या दोन बाजूंत दाब निर्माण होण्याचा परिणाम त्याच्या मुळाशी आहे.

फ्यूजच्या बाबतीतही एक सुंदर युक्ती रूढ झाली. फ्यूजच्या पट्टीला सूक्ष्म विरोध असतो. दहा अँपिअरच्या सामान्य फ्यूजमध्ये तो ओहमचा सुमारे सात-आठ सहस्रांश असतो. त्यातून ३०० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असेल तर फ्यूजच्या दोन टोकांत सुमारे दोन मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या ठिपक्यांना मीटरची टोके लावून तो फ्यूज न काढताच वाचता येतो. ज्या फ्यूजवर शून्य दिसते ती शाखा निर्दोष, ज्यावर आकडा दिसतो तेथे प्रवाह आहे. टेस्ट लॅम्पच्या काळात जे काम फ्यूज काढून होई तेच आता तो जागेवर ठेवून होते. तर्क एकच आहे, त्याला फक्त अधिक सूक्ष्म हात मिळाले आहेत.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि असंख्य गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. त्या काळात उतरलेल्या पुष्कळ बॅटऱ्यांमागे दोष असा नव्हताच. साहजिक खर्चच इतका लांबला, की बॅटरी त्याला पुरली नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवरील सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि मग ती भार नीट स्वीकारत नाही. दोष आणि दीर्घ वापरबंदी यांतील हा भेद केवळ मोजमापाने कळतो, अंदाजाने कळत नाही.

या इतिहासाकडे एकत्र पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते. बॅटरी हा बदलायला सर्वांत सोपा भाग असल्याने प्रत्येक पिढीत दोष तिच्याच माथी मारला गेला, आणि गळती तशीच राहिल्याने नवी बॅटरीही जुन्या बॅटरीच्या वाटेने गेली. शिशासारख्या विषारी धातूच्या हाताळणीसाठी भारताला २००१ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बॅटऱ्यांचे नियम करावे लागले, हे लक्षात घेता चुकीच्या निदानाने टाकून दिलेली प्रत्येक बॅटरी ही ग्राहकाच्या खिशापुरती हानी राहत नाही. पन्नास मिलिअँपिअरचा हिशेब मांडून, थांबून, शाखा वेगळ्या करून दोषापर्यंत पोहोचणारा वायरमन ज्या विद्येने काम करतो ती प्लांते, वेस्टन आणि मॅकॅडी यांच्या कामाचीच पुढली कडी आहे, आणि तिला तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत तसेच दुरुस्तीच्या मोबदल्यातही त्या योग्यतेचे स्थान मिळाले पाहिजे. भाग बदलण्याचे पैसे देणारा ग्राहक मोजण्याच्या वेळेचे पैसे देण्यास तयार होईल, तेव्हाच ही विद्या पुढील पिढीच्या गाड्यांपर्यंत पोहोचेल.